शाळेत उन्हाळी शिबिर भरवताना

शिबिर ठरवायला बसलं की पहिल्याच बैठकीत उपक्रमांची लांबलचक यादी तयार होते. मातीकाम, नाटक, कागदकाम, विज्ञानाचे प्रयोग, मैदानी खेळ… यादी कधी कमी पडत नाही. शिबिर अडखळतं ते दोन उपक्रमांच्या मधल्या दहा मिनिटांत. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाताना, स्वच्छतागृहाच्या रांगेत, नळावर, डबे उघडताना आणि शेवटी फाटकाशी. भांडणं तिथेच होतात, मूल तिथेच नजरेआड होतं आणि पडझडही बहुधा तिथेच होते. म्हणून या लेखात उपक्रमांपेक्षा त्यांच्यामधल्या जागांबद्दल जास्त लिहिलं आहे.

हिशेबासाठी एक नमुना धरू: ६ ते १२ वर्षांची ६० मुलं, दहा दिवस, सकाळी ९ ते दुपारी १.

माणसं किती लागतात

दिवसा चालणाऱ्या शिबिरांसाठी अमेरिकन कॅम्प असोसिएशनचं प्रमाण असं आहे: ६ ते ८ वर्षांच्या आठ मुलांमागे एक मोठं माणूस, ९ ते १४ वर्षांच्या दहा मुलांमागे एक. तुमच्याकडे कायद्याने ठरवलेलं प्रमाण असेल तर तेच पाळायचं. नसेल तर हे किमान समजा. १२-१२ मुलांचे पाच गट आणि प्रत्येक गटाला दोन ताई-दादा ही रचना सोयीची पडते. एकाला मुलासोबत स्वच्छतागृहापर्यंत जावं लागलं किंवा कुणाचा गुडघा फुटला तरी बाकीच्या अकरा जणांजवळ दुसरं कुणीतरी असतंच.

या दहा जणांशिवाय चार माणसं गटाबाहेर हवीत. एक प्रमुख, एक प्रथमोपचार आणि कागदपत्रं सांभाळणारं, एक साहित्य लावणारं आणि एक मोकळं. या मोकळ्या माणसाला पहिल्याच दिवशी कुठल्यातरी कामाला जुंपायचा मोह होतो. तो टाळा. रडणारं मूल, उशिरा आलेला पालक, संपलेलं पाणी, न आलेली ताई या सगळ्यांसाठी तेच माणूस धावतं. प्रमुखानेही स्वतःकडे गट घेऊ नये. गटात अडकलेल्या प्रमुखाला बाकी शिबिर दिसत नाही.

गट वयाप्रमाणे करा. सहा आणि अकरा वर्षांची मुलं एका खेळात एकत्र धावली तर धडक होते आणि लागतं ते धाकट्यालाच. भावंडांना एकाच गटात घालायचा आग्रह पालक धरतात. वयात दोन वर्षांपेक्षा जास्त फरक असेल तर गट वेगळे ठेवा आणि दोघांची भेट डब्याच्या वेळी घडवून आणा.

प्रत्येक माणसाची नेमण्यापूर्वी पडताळणी करा. तुमच्याकडच्या कायद्यात पोलीस पडताळणी सांगितली असेल तर ओळखीच्या माणसालाही ती चुकवू देऊ नका. आणखी एक नियम पहिल्या बैठकीतच सगळ्यांना सांगून टाका: बंद दाराआड एक मोठा आणि एक मूल, असं कधीही नाही. मुलाशी एकट्याने बोलायचं असेल तर व्हरांड्यात, सगळ्यांना दिसेल अशा जागी बोलायचं.

सुट्टीतली शाळा

आठवडेच्या आठवडे बंद असलेली इमारत लगेच वापरायला घेता येत नाही. टाकीतलं आणि नळांतलं पाणी साचून राहिलेलं असतं. टाकी उपसून, धुऊन पुन्हा भरा आणि प्रत्येक नळ निदान पाच मिनिटं सोडून ठेवा. बंद कपाटांमागे, खिडक्यांच्या वरच्या कोपऱ्यांत, फळ्याच्या मागे गांधीलमाश्यांची पोळी असू शकतात. ती शिबिराच्या आठवडाभर आधी काढून घ्या. उघड्या बादल्या, कुंड्यांखालच्या ताटल्या, बंद पडलेले कूलर ओतून कोरडे करा, नाहीतर डास होतात. पंखे, दिवे आणि कडी-कोयंडे एकेक करून तपासा. मूल आतून अडकेल अशी कडी असलेली स्वच्छतागृहाची दारं शोधून काढा आणि ती बाहेरूनही उघडता येतील अशी करून घ्या.

मुख्याध्यापकांशी बोलणं झालं असलं तरी परवानगी लेखी घ्या. कुठल्या खोल्या, कुठला मजला, मैदान किती वाजेपर्यंत, किल्ल्या कुणाकडे, सफाई कोण करणार आणि मोडतोड झाली तर भरपाई कोण देणार, हे सगळं त्यात यावं. सफाई कर्मचारी सुट्टीवर असतात ही गोष्ट बऱ्याचदा पहिल्या दिवशीच लक्षात येते. शक्यतो सगळ्या खोल्या तळमजल्यावरच घ्या. जिना म्हणजे दिवसातून चार वेळा ६० मुलांची चढ-उतर आणि तेवढ्याच वेळा डोकी मोजणं.

बाक हलवण्याआधी प्रत्येक खोलीचा दारातून एक आणि मागच्या भिंतीकडून एक फोटो काढून ठेवा. दहा दिवसांनी खोली जशी होती तशी लावायची असते आणि तेव्हा कुणालाच काही आठवत नाही.

अर्जात काय विचारायचं

नाव, जन्मतारीख, दोन फोन नंबर, ॲलर्जी, दमा, फिट्स, चालू औषधं, आणि मुलाला न्यायला येऊ शकतील अशा माणसांची नावं. ज्याला मूल द्यायचंच नाही अशी कुणी व्यक्ती असेल तर तेही इथेच विचारा. प्रश्न अवघड वाटतो, पण फाटकाशी उभं राहून विचारणं त्याहून अवघड. फोटो काढायची आणि तो दाखवायची संमती वेगवेगळी घ्या. औषध किंवा इनहेलर द्यायचा असेल तर मूळ पाकिटात, नाव लिहून आणि किती, केव्हा द्यायचं याच्या लेखी सूचनेसह घ्यावा. दम्याच्या मुलाचा इनहेलर कार्यालयाच्या कपाटात कुलूपबंद ठेवू नका. तो गटाच्या पिशवीत, मूल जाईल तिथे त्याच्याबरोबर हवा.

सगळे अर्ज वाचून प्रत्येक गटासाठी एक पानी तक्ता करा: नाव, वय, काय टाळायचं, काय झालं तर काय करायचं. अर्ज फाइलमध्ये नुसते पडून राहिले तर त्यांचा काही उपयोग नाही.

ओळखपट्टी गळ्यात दोरीने अडकवू नका. धावताना, लोंबकळताना ती अडकते आणि गळा आवळला जातो. दोन इंच रुंद कापडी पट्टीवर ठळक अक्षरांत नाव लिहून छातीवर चिकटवा आणि गटाचा रंग वरच्या कडेला द्या. पालकाचा फोन नंबर पट्टीच्या मागच्या बाजूला लिहा. रस्त्यावर कुणालाही तो वाचता येता कामा नये.

दिवसाची आखणी

उन्हाचा तडाखा आणि अतिनील किरणं साधारण १० ते ४ या वेळात सगळ्यात जास्त असतात, म्हणून मैदान सकाळीच उरकायचं. साधारण असा दिवस चालतो: ८.४५ ला फाटक उघडायचं, ९ ला सगळे एकत्र, ९.१५ ते १० मैदानी खेळ, मग पाणी आणि हात धुणं, १०.२० ते ११.२० हस्तकाम, ११.२० ते ११.४५ डबा, ११.४५ ते १२.३० नाटक, गाणी किंवा प्रयोग, १२.३० ते १२.५० शांत वेळ आणि १ वाजता सुटी.

आता मधल्या जागांचा हिशेब. सहा स्वच्छतागृहं आहेत आणि एका मुलाला सरासरी दोन मिनिटं लागतात असं धरा. सगळी ६० मुलं एकदम पाठवली तर शेवटच्या मुलाची पाळी अठरा मिनिटांनी येते, आणि तोवर रांगेत ढकलाढकली सुरू झालेली असते. दोन गट पाठवले की आठ मिनिटांत काम होतं. म्हणून गटांच्या वेळा दहा-दहा मिनिटांनी मागेपुढे करा आणि थांबलेल्या गटाला पाणी द्या किंवा गाणं म्हणायला बसवा. हात धुण्याचंही तसंच. साबण लावून नीट हात धुवायला निदान वीस सेकंद लागतात. नळाशी येणं-जाणं धरून पाऊण मिनिट होतं. आठ नळ असतील तर ६० मुलं साधारण सहा मिनिटांत धुऊन होतात, पण त्यासाठी प्रत्येक नळावर साबण हवा. दोनच साबण ठेवले तर आठ नळांचे दोन नळ होतात.

गट एका जागेवरून दुसरीकडे नेताना एक ताई पुढे आणि एक दादा मागे. डोकी दोनदा मोजायची: निघताना एकदा आणि पोहोचल्यावर एकदा. नुसती नजर फिरवून मोजू नका. बोटाने एकेका मुलाकडे निर्देश करा आणि आकडा मोठ्याने म्हणा. त्या दिवशी गटात किती मुलं आली तो आकडा खडूने दारावर लिहून ठेवा. "बारा" असं डोक्यात पक्कं बसलेलं असतं आणि आज अकराच आले आहेत हे विसरायला होतं.

एक मूल कमी भरलं तर काय करायचं हे आधीच ठरलेलं असावं. पहिल्यांदा फाटक बंद. मग स्वच्छतागृहं, पाण्याची जागा, आधीची खोली आणि भावंडाचा गट, याच क्रमाने. बाकीचे सगळे गट आहेत तिथेच खाली बसतात, म्हणजे उभं किंवा चालणारं मूल लगेच दिसतं. पाच मिनिटांत सापडलं नाही तर पालकांना आणि पोलिसांना कळवायचं. "अजून थोडं शोधू" म्हणत वेळ घालवायचा नाही. मुलं येण्याच्या आदल्या दिवशी याची रंगीत तालीम फक्त ताई-दादांना घेऊन करा.

हस्तकाम: एक नमुना जवळून

कुठलाही उपक्रम मुलांसमोर नेण्याआधी एका मोठ्या माणसाने त्याच साहित्याने तो करून पाहावा आणि वेळ लिहून ठेवावी. लहान गटाला त्याच्या तिप्पट वेळ लागेल असं धरा. पानाचा प्लास्टर-ठसा हा चांगला उपक्रम आहे, कारण सहा वर्षांच्या मुलालाही तो जमतो आणि बारा वर्षांच्यालाही कंटाळा येत नाही. शिवाय त्यात काय काय बिघडू शकतं हेही नीट दिसतं.

प्रत्येक मुलाला ओल्या मातीची १५ × १३ सेंटिमीटरची, दोन सेंटिमीटर जाड थापी द्या. पान शिरांची बाजू खाली करून ठेवायचं, लाटण्याने किंवा बाटलीने हलकेच दाबायचं आणि देठाकडून उचलून काढायचं. शिरा उमटल्या नाहीत तर माती कोरडी आहे. पान मातीला चिकटून फाटलं तर माती फार ओली आहे. मग जाड पुठ्ठ्याची तीन सेंटिमीटर उंच पट्टी १२ × १० सेंटिमीटरच्या चौकटीसारखी मातीत रोवायची आणि बाहेरून मातीने सांध बुजवायची. सांध उघडी राहिली तर प्लास्टर टेबलावर वाहतं. ही तक्रार बहुतेक दोन-तीन मुलांची येतेच, म्हणून खाली वर्तमानपत्राचे चार थर घाला.

प्लास्टर ऑफ पॅरिस कालवायचं काम मोठ्यांचं. भुकटी उडते, म्हणून नाका-तोंडाला मास्क लावून आणि मुलांपासून दूर, मोकळ्या जागी कालवा. चार मुलांपुरतं एका वेळी घ्या: ५०० मिलिलिटर पाण्यात ७५० ग्रॅम प्लास्टर. सगळ्या गटाचं एकदम कालवलं तर शेवटच्या मुलांपर्यंत पोहोचेतो ते बादलीतच घट्ट होतं. नेहमी पाण्यात प्लास्टर शिंपडायचं. प्लास्टरवर पाणी ओतलं की गुठळ्या होतात. एक मिनिट भिजू द्या, मग हळू ढवळा. जोरात ढवळलं तर हवेचे बुडबुडे अडकतात आणि ठशावर भोकं पडतात. दीड सेंटिमीटर जाडीचा थर ओता आणि टेबलाला खालून दोन-चार टपल्या मारा. बुडबुडे वर येतात.

घट्ट होताना प्लास्टर तापतं. वरून हात लावल्यावर ते कोमट लागलं की मुलांना मोठी गंमत वाटते. पण हाताचा पंजा प्लास्टरमध्ये बुडवून ठसा घेण्याचा प्रयोग कुणालाही करू देऊ नका. जाड थरात बोटं अडकतात, उष्णता बाहेर जायला वाट नसते आणि गंभीर भाजतं. चाळीस मिनिटांनी पुठ्ठा आणि माती सोडवा. ठसा अजून ओलाच असतो, म्हणून रंग दुसऱ्या दिवशी द्यायचा. उरलेलं प्लास्टर आणि भांडी धुतलेलं पाणी बेसिनमध्ये ओतू नका. ते पाइपातच घट्ट होतं. बादलीतच जमू द्या आणि कचऱ्यात टाका.

बाकी हस्तकामाचं साहित्य गटवार ट्रेमध्ये आदल्या दिवशीच लावून ठेवा. रंगाच्या पाण्याचा एक डबा चार मुलांत, डिंक बाटलीऐवजी झाकणात, कात्री दोघांत एक. वाटप करण्यात दहा मिनिटं गेली की सुरुवातीचा उत्साह गेलाच.

मैदान आणि ऊन

बाद होऊन बाहेर बसायचे खेळ शिबिरात कमी घ्या. सगळ्यात आधी बाद होतं ते सगळ्यात लहान किंवा बुजरं मूल. म्हणजे ज्याला खेळाची सगळ्यात जास्त गरज आहे तेच सगळ्यात जास्त वेळ बसून राहतं. बाद झालेल्याने दहा उड्या मारून परत यायचं, एवढा एक बदल पुरतो. अकरा-बारा वर्षांची मुलं बालिश खेळ म्हणून नाक मुरडतात. त्यांना पंच करा, गुण लिहायला द्या, लहान गटाला नवा खेळ शिकवायला पाठवा. मोठ्या मुलांचा खोडकरपणा बहुतेक वेळा रिकाम्या हातांमुळे असतो.

घसरगुंडी, लोखंडी पाइप, सिमेंटचा कठडा यांना हाताच्या मागच्या बाजूने स्पर्श करून बघा. पाच सेकंद हात ठेवता येत नसेल तर ती वस्तू आज बंद. अनवाणी खेळायचं नाही. टोपी प्रत्येकाची स्वतःची असावी. सनस्क्रीन लावणार असाल तर एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्त, उन्हात जाण्याआधी आणि नंतर दर दोन तासांनी.

तहान लागली की मुलं पाणी पितील हा भरवसा धरू नका. खेळात रमलेलं मूल तहान विसरतं. ९ ते १२ वर्षांच्या मुलाने खेळताना दर वीस मिनिटांनी १०० ते २५० मिलिलिटर पाणी प्यायला हवं, म्हणून खेळ शिट्टीने थांबवून सगळ्यांना एकदम पाणी प्यायला लावा. पहिले तीन-चार दिवस धावपळीचे खेळ कमी ठेवा. शरीराला उन्हाची सवय व्हायला आठवडा ते दोन आठवडे लागतात आणि सुट्टीत घरात बसलेल्या मुलाला ती नसते. ढगांचा गडगडाट ऐकू आला तर लगेच इमारतीत, आणि शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं मैदानावर परत नाही.

काही झालंच तर

डोकेदुखी, मळमळ, भरपूर घाम, गळून जाणं ही उष्णतेने थकल्याची लक्षणं. सावलीत झोपवा, पाय थोडे उंच करा, कपडे सैल करा, घोट-घोट पाणी किंवा ओआरएस द्या. ओआरएसचं पाकीट पाकिटावर लिहिलेल्या पाण्यातच पूर्ण विरघळवायचं. अर्धं पाकीट अंदाजे पाण्यात टाकलं तर मिठाचं प्रमाण बिघडतं. मूल गोंधळल्यासारखं बोलू लागलं, तोल जाऊ लागला किंवा शुद्ध हरपली तर तो उष्माघात समजा. लगेच रुग्णवाहिका बोलवा आणि ती येईपर्यंत अंगावर गार पाणी ओतत, वारा घालत राहा. शुद्ध नसलेल्या मुलाच्या तोंडात पाणी घालू नका.

नाकातून रक्त आलं तर मान मागे टाकायला लावू नका. पुढे वाकवून नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं सलग दाबून धरा, मधे सोडून बघू नका. भाजलं तर वीस मिनिटं वाहतं गार पाणी, बर्फ नाही, टूथपेस्ट नाही. पक्का दात निखळून पडला तर मुळाला हात न लावता वरच्या बाजूने उचला, दुधात ठेवा आणि तासाभराच्या आत दंतवैद्याकडे पोहोचवा. दुधाचा दात मात्र परत बसवायचा प्रयत्न करू नये.

झालेली प्रत्येक गोष्ट, अगदी खरचटलेलंसुद्धा, वहीत लिहा आणि सुटताना पालकांना तोंडी सांगा. घरी गेल्यावर पालकांना जखम दिसली आणि आपण काही सांगितलेलं नसलं तर विश्वास जातो.

डब्याच्या वेळी एकमेकांना खाऊ वाटण्याची प्रेमळ सवय इथे आवरावी लागते, कारण ॲलर्जी कुणाला कशाची आहे हे मुलांना ठाऊक नसतं. लवकर नासणारा पदार्थ बाहेर दोन तासांपेक्षा जास्त राहिला तर तो खाऊ देऊ नका. तापमान ३२ अंशांच्या वर असेल तर ही मुदत एका तासावर येते. म्हणून डबे सावलीत, हवेशीर खोलीत ठेवा.

सुटीची पंधरा मिनिटं

सगळ्या दिवसात सगळ्यात जास्त माणसं इथे लागतात आणि नेमकी तेव्हाच अर्धी मंडळी आवराआवरीला लागलेली असतात. आवराआवर शेवटचं मूल गेल्यावर. गट आपापल्या ठरलेल्या जागी बसलेले, सगळ्यांची दप्तरं पाठीवर. फाटकाशी दोघं जण: एक नाव पुकारतो, दुसरा सही घेतो. मूल पालकाकडे धावत जात नाही, गटाचे ताई-दादा त्याला पालकाकडे नेऊन देतात. यादीत नसलेलं कुणी न्यायला आलं तर अर्जातल्या नंबरवर आपण फोन करायचा. समोरच्याने लावून दिलेल्या फोनवर विश्वास ठेवायचा नाही. उशीर झालेल्या मुलाजवळ दोन मोठी माणसं थांबतात आणि त्याच्यासमोर पालकांबद्दल कुरकुर करत नाहीत. ते मूल आधीच काळजीत असतं.

शेवटचा दिवस आणि नंतर

समारोपाचा कार्यक्रम चाळीस मिनिटांपेक्षा मोठा करू नका आणि त्यासाठी तीन-तीन दिवस तालमी घेऊ नका. मुलांनी केलेल्या वस्तू मांडून ठेवा आणि जे नाटक, जी गाणी रोज चालली होती त्यांतलंच थोडं दाखवा. प्रत्येक वस्तूवर नाव आधीच लिहिलेलं असू दे. बिननावाची दोन मुखवट्यांची जोडी दोन मुलांना रडवायला पुरते.

मुलं गेल्यावर फोटो बघून बाक परत लावा, नळ आणि पंखे बंद आहेत का बघा, उरलेली माती ओल्या गोणपाटात गुंडाळून शाळेला द्या. उरलेली औषधं आणि इनहेलर ज्याचे त्याला सही घेऊन परत करा. हजेरी आणि अपघातांची वही जपून ठेवा, बाकी आरोग्याची माहिती असलेले कागद ठरलेल्या मुदतीनंतर फाडून नष्ट करा. किल्ल्या देताना मुख्याध्यापकांना सोबत घेऊन सगळ्या खोल्यांमधून एक फेरी मारा आणि त्याच वेळी परवानगीच्या कागदावर "सर्व ठीक मिळाले" अशी त्यांची सही घ्या.